किराणा दुकान संगणकावर नेताना : आधी काय, नंतर काय

“बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, पण तीन महिन्यांत पुन्हा वहीवर आलो.” हे वाक्य मी इतक्या दुकानदारांच्या तोंडून ऐकले आहे की शेवटी हा लेख लिहायला बसलो. प्रत्येकाला वाटते की सॉफ्टवेअर वाईट होते. खोलात जाऊन विचारले की निघते वेगळेच. यंत्र शनिवारी आले, सोमवारी बिले सुरू झाली, मालाची यादी “हळूहळू भरू” म्हणून राहिली. तिसऱ्या आठवड्यात संगणक म्हणतो पारले-जीचे चाळीस पुडे आहेत आणि फळीवर असतात नऊ. एकदा आकड्यांवरचा विश्वास उडाला की मालक ड्रॉवरमधली वही बाहेर काढतो, आणि ते साहजिकच आहे.

खालचा क्रम अशा दुकानासाठी आहे : मालक, घरातले एखादे माणूस, एक-दोन मदतनीस आणि हजार-दीड हजार प्रकारचा माल. पूर्ण कामाला साधारण सहा आठवडे धरा. त्यातले पहिले चार आठवडे सॉफ्टवेअरला हातही लावायचा नाही.

सुरुवात कधी करावी

पुष्कळ जणांना दिवाळी पाडव्याला, वहीपूजनाच्या मुहूर्तावर संगणक सुरू करायचा असतो. भावना मी समजतो, पूजा जरूर करा. पण दिवाळीच्या गर्दीत नवीन पद्धत सुरू करू नका. हिशेबाच्या दृष्टीने १ एप्रिल उत्तम, कारण बिलांचे क्रमांक आर्थिक वर्षाप्रमाणे नव्याने सुरू होतात. ते जमले नाही तर गिऱ्हाईक कमी असलेल्या महिन्याची १ तारीख धरा. बऱ्याच गावांत आषाढ त्यासाठी बरा पडतो. महिन्याच्या मध्ये सुरू केले तर त्या महिन्याचा हिशेब अर्धा वहीत आणि अर्धा संगणकात राहतो, आणि तो जुळवताना दमछाक होते.

## टप्पा १ : दुकानाचे पैसे घरापासून वेगळे करा

सर्वांत आधी दुकानाच्या नावाने चालू खाते (करंट अकाउंट) उघडा. बहुतेक बँका दुकानाच्या नावाची कागदपत्रे मागतात. पहिले म्हणजे दुकानाची नोंद. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. आपण त्या पावतीलाही सवयीने गुमास्ताच म्हणतो. दुसरे म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद. ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी दलालांची असतात.

खाते वेगळे का, याचे उत्तर कर्नाटकात दिसले. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरची जमा पाहून हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. भाजी-दूध असा करमाफ माल विकणारेही त्यात होते. बंगळुरूत कित्येक दुकानांवर “यूपीआय नाही, फक्त रोख” अशा पाट्या लागल्या. पण रोख घेतल्याने उलाढाल कमी होत नाही, कायद्याला दोन्ही सारखेच. खरी अडचण अशी होते की मेहुण्याने परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम आणि साखरेची विक्री एकाच खात्यात पडलेली असते. चार वर्षांनी कोणी विचारले तर कुठली रक्कम कशाची, हे सांगता येत नाही.

इथेच आणखी एक गैरसमज. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते. “माझा निम्मा माल करमाफ आहे, मी कुठे ४० लाखांवर जातोय,” असे म्हणणारे चुकतात. तुम्ही साबण-बिस्किटेही विकत असाल तर सुटे गहू-तांदूळही एकूण उलाढालीत धरले जातात. फक्त आणि फक्त करमाफ माल विकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

खाते झाले की क्यूआर त्याच खात्याला जोडा, आणि तो व्यापारी क्यूआर असू द्या. स्वतःच्या मोबाइलमधला वैयक्तिक क्यूआर छापून लावणे बंद करा. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय रकमेवर दुकानदाराला शुल्क नाही. २०२० च्या जानेवारीपासून हेच चालू आहे. रूपे क्रेडिट कार्ड जोडून मोठी रक्कम आली तर शुल्क लागू शकते, म्हणून ते आधी विचारून घ्या. साउंडबॉक्सचे (पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्राचे) भाडे कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यातून कापले जाणार, हेही लेखी घ्या.

> सावधान : २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या खजुराहोमध्ये दुकानांबाहेरच्या क्यूआरवर रातोरात दुसरेच क्यूआर चिकटवले गेले. रोज दुकान उघडताना आपल्याच मोबाइलने क्यूआर स्कॅन करून नाव वाचा. क्यूआर रस्त्याकडे लावू नका, काउंटरच्या आत ठेवा.

> सावधान : पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नका, तशीच दिसणारी खोटी अ‍ॅप आहेत. साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या मोबाइलवर जमा दिसली, तरच माल द्या. फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा. संध्याकाळी करू म्हणून थांबलात तर तोवर पैसे पुढच्या खात्यात जातात.

## टप्पा २ : मालाची यादी

सहा आठवड्यांतले अडीच आठवडे या टप्प्याला द्या. सगळे बिघडते ते इथेच.

एक्सेल येत असेल तर त्यात, नाहीतर मोठ्या वहीत रकाने आखा : मालाचे नाव, वजन किंवा नग, एकक, एमआरपी, खरेदी दर, विक्री दर, जीएसटी दर, एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा), बारकोड, पुरवठादार. रोज एकच फळी घ्या. दुपारी दोन ते चार, जेव्हा गिऱ्हाईक नसते तेव्हा.

नावाची शिस्त. पहिल्याच दिवशी ठरवा आणि भिंतीवर लिहून लावा : आधी कंपनी, मग वस्तू, मग वजन. “टाटा मीठ १ किलो.” असे ठरवले नाही तर तुम्ही “टाटा मीठ”, मुलगा “मीठ टाटा” आणि मदतनीस “नमक १ केजी” लिहील. संगणकाला हे तीन वेगळे माल वाटतात. खरेदी एकात पडते, विक्री दुसऱ्यात, आणि मग ते चाळीस पुडे फक्त पडद्यावर उरतात.

एकक. साखर ५० किलोच्या पोत्याने येते आणि किलो-अर्ध्या किलोने जाते. यादीत तिचे एकक किलोच ठेवा आणि खरेदी नोंदवताना एक पोते म्हणजे ५० किलो असे भरा. तेलात तर हमखास चूक होते. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा एक नव्हेत. १५ लिटर तेलाचे वजन साधारण साडेतेरा ते पावणेचौदा किलो भरते. सुटे तेल किलोने विकत असाल आणि डबा लिटरचा आला असेल, तर प्रत्येक डब्यामागे सव्वा किलोच्या आसपास तूट दिसेल आणि तुम्ही उगाच मदतनिसावर संशय घ्याल.

सुटा आणि पॅकबंद माल वेगळा लिहा. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद डाळी, तांदूळ, पीठ यांना ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालाला नाही. म्हणजे “तूरडाळ” ही एक ओळ पुरणार नाही, दोन ओळी हव्यात.

जीएसटी दर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे गेले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटे १८ वरून ५ वर आली. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच आहे, त्यामुळे “साबण-पावडर सगळे ५” असे सरसकट भरू नका. त्या तारखेआधीची यादी कोणाकडून उसनी घेऊ नका. दर आणि एचएसएन दोन्ही कंपनीच्या ताज्या खरेदी बिलावरून उतरवा. आपल्या मनाने किंवा शेजारच्या दुकानदाराला विचारून भरलेला दर पुढे विवरणपत्रात त्रास देतो.

बारकोड. पॅकबंद मालावर तो छापलेलाच असतो. एकाच बारकोडवर जुनी आणि नवी अशा दोन एमआरपी असू शकतात, हे ध्यानात ठेवा. दर उतरल्यावर हे बऱ्याच फळ्यांवर झाले. सुट्या मालाला, घरगुती मसाल्याच्या पुड्यांना आपणच छोटे आकडे द्या. गूळ ११, शेंगदाणे १२ असे दोन-तीन अंकी ठेवा, म्हणजे चार दिवसांत बोटांना पाठ होतात.

> थांबा, तपासा : यादी झाली की डोळे मिटून फळीवरच्या कुठल्याही २० वस्तू उचला आणि यादीत शोधा. त्यातल्या दोनपेक्षा जास्त वस्तू यादीत नसतील, किंवा एकच वस्तू दोनदा सापडली, तर पुढे जाऊ नका. ती फळी पुन्हा लिहा.

## टप्पा ३ : मोजणी

मोजणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा. दुकान चालू ठेवून केलेली मोजणी वाया जाते. आदल्या दिवशी पुरवठादारांना सांगा की उद्या माल पाठवू नका. दोन माणसे लागतात : एकाने मोजायचे आणि मोठ्याने बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे. मोजून झालेल्या फळीवर खडूने खूण करा. माळ्यावरचा, घरातल्या खोलीतला, दाराआडच्या गोणीतला माल विसरू नका. मुदत संपलेला, उंदरांनी कुरतडलेला माल वेगळ्या खोक्यात काढून त्याची स्वतंत्र यादी करा. तो शिल्लक म्हणून भरला तर पहिल्या दिवसापासून नफा खोटा दिसतो.

सुट्या मालाचे वजन करताना पोत्याचे, डब्याचे वजन वजा करा. इलेक्ट्रॉनिक काट्याचा वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या) विभागाचा शिक्का दर वर्षी नवा करावा लागतो. त्याची तारीख याच दिवशी पाहून घ्या.

## टप्पा ४ : उधारी

याबद्दल कोणी बोलत नाही, आणि माणसे दुखावतात ती इथेच.

वहीतली बाकी सरळ संगणकात उतरवून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला “तुमचे ३,४२० रुपये बाकी आहेत” असा मेसेज पाठवणे ही फार मोठी चूक. वहीत पानाच्या कोपऱ्यात लिहिलेले “५०० आले” राहून गेलेले असते. वीस वर्षांचे गिऱ्हाईक अशा एका मेसेजने तुटलेले मी पाहिले आहे.

क्रम असा ठेवा. आधी वहीतले प्रत्येक खाते पुन्हा बेरीज करा. मग त्या माणसाला, शक्यतो समोर, वही उघडून दाखवा : “काका, मी हे नव्या पद्धतीवर नेतोय, बाकी बघून घ्या.” त्याने मान्य केलेला आकडा तारखेसह लिहा, जमल्यास सही घ्या. मोबाइल क्रमांक त्याला विचारूनच लिहा आणि हिशेबाचे मेसेज पाठवले तर चालतील का, हेही विचारा. जे भेटत नाहीत त्यांची खाती “तपासायची” अशा खुणेने वेगळी ठेवा.

गावात पाच पाटील आणि तीन “सुनीता ताई” असतात. नावापुढे गल्ली, वाडा किंवा कामाचे ठिकाण लिहा : “पाटील, मारुती मंदिरामागे”. आडनावावरून एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर पडली की दोघेही बोलतात.

> थांबा, तपासा : मान्य झालेल्या सर्व बाक्यांची बेरीज आणि वहीतली बेरीज शेजारी लिहा. जो फरक आहे तो कोणत्या खात्यांत आहे, ते नावानिशी सांगता आले पाहिजे.

## टप्पा ५ : आता सॉफ्टवेअर आणि यंत्रे

आता विक्रेत्याला बोलवा. तुमच्या हातात यादी असल्याने तो त्याच्या नमुन्यातला माल दाखवून भुलवू शकणार नाही. तुमच्या यादीतल्या पन्नास वस्तू भरून आठवडाभर चालवून पाहायला मागा. मी चार गोष्टींवर अडून बसतो :

१. इंटरनेट गेले तरी बिल निघाले पाहिजे.
२. मालाची यादी, उधारी आणि बिले एक्सेलमध्ये बाहेर काढता आली पाहिजेत. हे विक्रेत्याने “होतं की” म्हणून भागत नाही, समोर काढून दाखवायला सांगा. उद्या सॉफ्टवेअर बदलायचे झाले तर तुमची माहिती अडकून पडता कामा नये.
३. जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल वेगळा ठेवता आला पाहिजे.
४. दुसऱ्या वर्षापासून किती पैसे लागणार, हे कागदावर हवे.

प्रिंटर दोन इंची पुरतो. बिले लांब होत असतील तर तीन इंची घ्या. थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, त्यामुळे पुरवठादाराचे थर्मल बिल आले की लगेच फोटो काढून ठेवा. वीज जाणाऱ्या गावात संगणक आणि प्रिंटर दोन्ही यूपीएसवर हवेत. पहिल्या दिवशी टच स्क्रीन, ग्राहकाकडे तोंड असलेला दुसरा पडदा, असले काही घेऊ नका.

बिलाचा नमुना छापून तपासा : दुकानाचे नाव-पत्ता, तारीख, अनुक्रमांक, जीएसटी क्रमांक असल्यास तो, आणि खाद्यपदार्थ विकता म्हणून एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब नको.

> सावधान : तुम्ही कंपोझिशन योजनेत (लहान दुकानदाराने उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायची योजना) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि बिलावर तो वेगळा दाखवताही येत नाही. बरीच सॉफ्टवेअर मुळात नेहमीच्या जीएसटीवर ठेवलेली असतात. पहिले बिल काढण्याआधी हे बदलून घ्या.

## टप्पा ६ : पंधरा दिवस दोन्ही चालवा

१ तारखेपासून प्रत्येक विक्री संगणकावर, आणि सोबत उधारी व गल्ला वहीतही. कटकट आहे, पण पंधराच दिवस.

सर्वांत मोठा मोह असतो पाच-दहा रुपयांची विक्री न नोंदवण्याचा. नोंदणीकृत दुकानदाराला २०० रुपयांखालच्या विक्रीचे बिल गिऱ्हाइकाने मागितले नाही तर द्यावे लागत नाही, दिवसाअखेर त्याचे एकत्रित बिल चालते. ही सवलत कागदापुरती आहे. माल मात्र फळीवरून गेलेला असतो, त्यामुळे नोंद हवीच. गर्दीत जमत नसेल तर चॉकलेट, शाम्पूच्या पुड्या अशा वस्तूंना एका पानावर रेघा मारा आणि रात्री एकदम भरा.

रोज रात्री रोजमेळ, म्हणजे दिवसाचा रोखीचा हिशेब, असा जुळवा :

सकाळचा गल्ला २,००० + रोख विक्री ८,४५० + रोख वसुली १,२०० − पुरवठादाराला रोख ३,१०० − हमाली १५० = गल्ल्यात हवेत ८,४०० रुपये.

मग यूपीआयची दिवसाची जमा संगणकातल्या यूपीआय विक्री व वसुलीशी जुळवा. घरी नेलेले तेल-साखर आणि गल्ल्यातून घरखर्चाला काढलेले पैसे लिहायचे राहिले, तर हा हिशेब कधीच जुळणार नाही. घरच्या नावाने एक खाते उघडा आणि त्यावर सगळे टाका.

दर दोन दिवसांनी दहा वस्तू फळीवर मोजून संगणकाशी ताडा. फरक दिसला की लगेच कारण शोधा; महिन्यानंतर ते सापडत नाही. माहितीची एक प्रत रोज पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह घरी न्या, दुकानातल्याच ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

> थांबा, तपासा : सलग सहा दिवस रोजमेळ जुळला आणि मोजलेल्या दहांपैकी नऊ वस्तू बरोबर आल्या, की वहीतली दुहेरी नोंद बंद करा. त्याआधी नाही.

## टप्पा ७ : व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, आणि थोडे एआयबद्दल

शिल्लक विश्वासार्ह झाल्यावरच हे सुरू करा. “आहे” म्हणून ऑर्डर घेतली आणि “संपलंय” म्हणून फोन केला, असे दोनदा झाले की गिऱ्हाईक पुन्हा ऑर्डर देत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मोफत आहे. त्यासाठी दुकानाचा वेगळा क्रमांक घ्या. कॅटलॉगमध्ये सगळा माल भरायच्या भानगडीत पडू नका; नेहमी असणाऱ्या पन्नास-साठ वस्तू पुरेत. एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसे बसतात, पण ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. “मेसेज पोचतच नाही” या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. ऑर्डरची वेळ ठरवा, उदाहरणार्थ सकाळी अकरापर्यंत आलेली दुपारी मिळेल. व्हॉइस मेसेजवर आलेली यादी लिहून, एकूण रक्कम टाकून परत पाठवा आणि “हो” आल्यावरच माल भरा. “अर्धा शेंगदाणे” म्हणजे अर्धा किलो की अर्धा पाव, यावरून दारात वाद नको.

एआयची साधने दोन कामांना चांगली आहेत : सणाच्या मेसेजचा मजकूर तयार करायला, आणि पुरवठादाराच्या बिलाचा फोटो देऊन त्यातल्या ओळी रकान्यांत उतरवून घ्यायला. दुसऱ्या कामात प्रत्येक आकडा बिलाशी ताडून पाहा, कारण धूसर फोटोतला ३ त्याला ८ वाटू शकतो. जीएसटी दर त्याला विचारू नका. तो जुना दरही ठामपणे सांगतो. गिऱ्हाइकांची नावे, फोन क्रमांक आणि उधारीची यादी अशा साधनात टाकू नका. ती माहिती लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेली आहे.

जुन्या वह्यांचे काय करायचे

रद्दीत देऊ नका. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर वर्ष लिहा, ओल न येणाऱ्या पेटीत ठेवा, आणि टप्पा ४ मध्ये ज्या पानांवर सह्या घेतल्या त्यांचे फोटो पेनड्राइव्हवर त्याच वर्षाच्या नावाने टाका.